बस्त्याच्या दिवशीच्या दोन काचा

वंदू,

'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' तुझ्या फोटोखाली हे छापून आलं. फोटोही तुझ्या आवडीचा नाही, त्यात तू खांदे आखडून शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी बसली आहेस. पन्नास वर्षं जो तुझ्या हाडांत राहिला, ज्याने तुझा डावा खुबा झिजवला, हैदराबादची नोकरी घालवली, ठरत आलेलं लग्न मोडलं, तो रक्तातला सिकलसेल तुझ्या भावाला, शरदला, अल्पसा वाटला.

मी पेपर घडी करून थेट लकडगंजला गेलो. शरद लाकूड चिरायच्या आरामशीनच्या ऑफिसात बसला होता.

"हे कोणी लिहिलं?"

"मीनं लिहिलं, मामा. असंच लिहा लागते. सगळेच लिहितात."

"आणि लोकांनी विचारलं, काय झालं होतं, तर?"

"निमोनिया सांगून राहिलो. डॉक्टरनं बी तेच लिहून दिलं ना."

"निमोनिया कशामुळे झाला, ते नाही सांगत?"

लाकडाच्या थप्प्यांपाशी कोणी ऐकत नाही ना, हे त्याने खिडकीतून बघून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "केतकीची सोयरीक झाली, मामा. साक्षगंधाची तारीख काढणं चालू आहे. रामटेकचे लोक म्हणतात, आपल्यात हा आजार नसतेच. त्यायच्या कानावर गेलं तर पोरीचं काय? आता तरी राहू द्या ना."

मी ओरडलो. माझ्या वयाला न शोभेल असा ओरडलो. करवतीवरची माणसं काम थांबवून बघायला लागली. काय काय बोललो ते लिहीत नाही, तू असतीस तर हसून म्हणाली असतीस, "मामा, आधी पाणी प्या." रस्त्यावर आलो आणि तसाच चालत सुटलो. शरदवरचा राग होता हे खरं, पण त्याचं शेवटचं वाक्य मला फार ओळखीचं होतं. आता राहू द्या. तुझा जन्म व्हायच्या आधी मी ते स्वतःशी म्हटलं होतं, आणि म्हणूनच तू आजारी जन्मलीस.

ते सांगतो. त्याआधी तेरवीचं सांगतो, कारण तो राग अजून उतरलेला नाही.

तुझ्या कॉलेजातले एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. म्हणाले, मॅडम सदा हसतमुख, कधी तक्रार म्हणून केली नाही. लोकांनी माना डोलावल्या. मीही मान डोलावली असेन, सवयीने. खोटं आहे ते. तू भरपूर तक्रार केलीस, आणि ती ऐकण्यासारखी असायची. एक ते दहामध्ये किती दुखतं, हा प्रश्न तुला जन्मभर विचारला गेला आणि तुला त्याचा संताप होता. बापाच्या आरामशीनवर वाढलेली पोर तू, दुखणं लाकडात मोजायचीस. आंबा म्हणजे चालवून घेते. साग म्हणजे माझ्याशी बोलू नका. बाभूळ म्हणजे करवत तापली, इंजेक्शन आणा.

मे महिन्याची ती दुपार आठवते? स्ट्रेचरवर तू, बाजूला मी, आणि समोर मिसरूड फुटलेला एक डॉक्टर.

"किती दुखतंय, बाई? एक ते दहा."

"बाभूळ."

"मस्करी नको. आणि एक सांगतो, तुम्हाला या इंजेक्शनची सवय लागलेली दिसते."

"लागली ना. तुमाले शिकवाची बी सवय आहे मले. तुमच्या वयाचे दीडशे पोट्टे शिकवते मी. या उन्हात कोणी गंमत कराले दवाखान्यात येते का हो?"

इंजेक्शन संध्याकाळी मिळालं. तोवर तू स्ट्रेचरची लोखंडी कड धरून होतीस आणि मी तुझ्या पायाशी बसून होतो. त्या पोराला मी मनात शिव्या देत होतो. फार सोयीचं होतं ते. कुणालातरी शिव्या दिल्या की स्वतःकडे बघावं लागत नाही.

माझ्या व्याख्यानांचंही तसंच होतं.

चाळीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी एकच व्याख्यान देत हिंडलो. वाचनालयांत, ज्येष्ठांच्या मंडळांत, लग्नाच्या हॉलमध्ये भरलेल्या शिबिरांत. 'उद्याचा निरोगी माणूस'. फळ्यावर अक्षरांची माळ काढायची, त्यातल्या एका चुकलेल्या अक्षराला लाल खडूने गोल करायचा. हे चुकलेलं अक्षर आई आणि बाप दोघांकडून आलं तर मूल आजारी. एकाकडूनच आलं तर माणूस नुसता वाहक. धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. मग जनुकं कापणारी नवी कात्री. आजारी माणसाच्या हाडातल्या मज्जेच्या पेशींवर ती चालवली तर त्याचं दुखणं थांबू शकतं, आणि तो बदल त्याच्याबरोबरच संपतो. मला तेवढं पुरत नव्हतं. मी टेबलावर हात आपटून म्हणायचो, पहिल्या दिवसाच्या गर्भातच चालवा ही कात्री. मूल सुटेल, त्याची मुलं सुटतील, सगळा वंश धुऊन निघेल. टाळ्या पडायच्या.

आणि शेवटच्या रांगेतून तू काठी टेकत उठायचीस. चारचौघांत मला 'सर' म्हणायचीस, खोडसाळपणे.

"सर, एक शंका. गर्भाच्या काही पेशी बदलल्या आणि काही तशाच राहिल्या तर? कात्री भलत्याच जागी चालली तर? ती चूक पणतवंडांत निघाली तर त्यांनी कुणाचं दार ठोठावायचं?"

"तंत्र सुधारेल."

"सुधारलं समजा. मग?"

'मग' आलं की मी पुढचा प्रश्न घ्यायचो. परतताना तू माझ्या स्कूटरवर मागे बसायचीस आणि भांडण सिग्नलला सिग्नलला चालू राहायचं. परदेशात एका शास्त्रज्ञाने जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्याची बातमी आली, तेव्हा मी पेढे आणले होते. तू खोका उघडलासुद्धा नाहीस. "त्या पोरी मरेपर्यंत लोकायसाठी नमुना होऊन राहतील, मामा. त्यायले काही झालं का, त्यायच्या पोरांले काही झालं का, जो तो पाहून राहील. आणि तुमी पेढे वाटून राहिले!"

मी चिडलो. नको ते बोललो. "तुला काय, हा आजार हवा होता का?"

तू माझ्याकडे जे बघितलंस ते मी विसरलेलो नाही.

"बिलकुल नाही. एक अक्षर बदललेली वंदना मले एकदम चालली असती. पळाली असती, थंडीले न भेता हिवाळ्यात तलावावर गेली असती, दोन-तीन पोरं काढली असती. मी काही आजाराची आरती नाही करून राहिली."

"मग अडचण काय आहे तुझी?"

"अडचण ही आहे का दोन वाहकांनं लग्नाआधी एकमेकांले सांगाचं, बोट टोचून पाहाचं, पुढं गर्भ राहिला तर तो तपासाचा, हे सगळं आजच होते. सरकारी दवाखान्यात होते. पण करत नाहीत, कारण त्याच्यासाठी तोंड उघडा लागते. तुमाले अशी कात्री पाहिजे का कोणाले काही बोलाचंच काम पडू नये. लपवणाऱ्यायची सोय आहे ही."

मी म्हटलं, जे अजून जन्मलेच नाहीत त्यांची संमती घेता येत नाही, म्हणून आईबापांनी त्यांच्या वतीने ठरवायचं असतं. जगभर हाच वाद आहे.

तू पाण्याची बाटली उघडलीस. घोटभर पिऊन म्हणालीस, "गर्भाची संमती राहू द्या, मामा. माझ्या आईची कोणी घेतली होती?"

तुझ्या आजोबांनी कुसुमला, तुझ्या आईला, न विचारता लग्न ठरवलं, त्याबद्दल तू बोलतेस असं मी समजलो. खरं सांगायचं तर, तसं समजायचं ठरवलं.

आता त्या दिवसाचं.

कुसुमचं साक्षगंध झालं होतं आणि दोन्हीकडची मंडळी लग्नाचा बस्ता घ्यायला नागपुरात आली होती. आम्ही कुहीचे धानवाले, तुझ्या बाबांकडचे लकडगंजचे. कापडाच्या दुकानात गाद्यांवर दोन्ही घरं समोरासमोर बसली आणि लुगड्यांची घासाघीस सुरू झाली. ती दिवसभर चालणार होती. कुसुम आणि मनोहरभाऊजी एकमेकांकडे न बघण्याची शिकस्त करत होते. मी तेव्हा कॉलेजात नवाच लागलेला, प्रयोगशाळेच्या किल्ल्या खिशात, अंगात भारी ऐट. मी म्हटलं, चला, तुम्हाला सूक्ष्मदर्शक दाखवतो. मोठी माणसं हसली. दोघांना घटकाभर बोलू द्यावं म्हणून मी निमित्त काढलं, हे सगळ्यांना कळलं होतं.

त्या दिवसांत मी सिकलसेलची तपासणी शिकत होतो. येईल त्याचं बोट टोचायचो. या दोघांची टोचली. भाऊजी म्हणाले, "हुंड्यात रक्त बी घेता का, मास्तर?" कुसुम इतकी हसली की थेंब काचेवरून घसरला, दुसरा घ्यावा लागला. दोन काचा. प्रत्येक थेंबावर औषधाचा एक थेंब, वरून पातळ काच, आणि हवा आत जाऊ नये म्हणून कडेने मेण; हवा तुटली की दोष असलेल्या पेशींचा आकार बदलतो. मग वाट बघायची. ते दोघं व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी आत.

काही वेळाने कुसुम दारात आली. "काय गा दादा, काय दिसलं?"

मी म्हणालो, "दोघांचंही लाल आहे."

हसतच ते परत दुकानात गेले. मी नळाखाली दोन्ही काचा धुतल्या, पुसल्या आणि पेटीत ठेवल्या.

दोन वाहकांच्या दर मुलामागे काय धोका असतो ते मला पाठ होतं. त्याच आठवड्यात मी ते वर्गात शिकवलं होतं. पण बस्ता अर्धा झाला होता. वडिलांनी शब्द दिला होता. भाऊजी मला आवडले होते. आणि हा आजार आपल्यात नसतो, तो 'त्यांच्यात' असतो असं आमच्याकडे सगळे म्हणत. मी त्या दुकानात परत जाऊन ते सगळ्यांसमोर म्हणायचं होतं की आपल्यातही आहे, माझ्या बहिणीत आहे. मला लाज वाटली. कारण एवढंच. मोठं काही नाही. लाज वाटली.

शरद ठणठणीत निघाला, तेव्हा मी सुटलो असं वाटलं. मग तू झालीस. वर्षाची व्हायच्या आतच तुझे हातपाय सुजले, तू कळवळून रडायचीस, आणि तुझी आजी म्हणायची कुसुमच्या दुधात दोष आहे. माझ्यासमोर म्हणायची. कुसुम पदर ओढून मान खाली घालायची. मी मामा म्हणून खेळणं घेऊन आलेलो, शेजारी बसून चहा प्यायचो. वर्षानुवर्षं ऐकलं ते मी. 'दोष दोघांकडून आला आहे आणि मला तो लग्नाआधीच ठाऊक होता' एवढं एक वाक्य होतं. पुढे दवाखान्यात तुझ्या आजाराचं नाव कळलं, तेव्हाही भाऊजींनी मलाच विचारलं, असं कसं झालं मास्तर? मी त्यांना फळ्यावर काढतात तसं कागदावर काढून समजावलं. उत्तम समजावलं. त्यांनी माझे आभार मानले. कुसुम गेली, भाऊजी गेले, दोघांनाही मी सांगितलं नाही.

तू कॉलेजात शिकायला लागलीस तेव्हा मी खूश होतो. भाचीने माझाच विषय घेतला म्हणून सांगत फिरायचो. तू जी तपासणी शिकणार होतीस, तिचा विचारही मला शिवला नाही. आणि भाऊजी तर लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला बस्त्याची गोष्ट सांगायचे. तुझ्या मामाने आमची पहिली भेट घडवली, रक्त काढून घडवली, वरून मेण लावून मोहोर केली! सगळे हसायचे. तूही.

तू जाण्याआधी तीन-चार दिवस, खिडकीतून ऊन तुझ्या पांघरुणावर येत होतं. तू तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केलास.

"मामा, बस्त्याच्या दिवशी काचेवर काय दिसलं होतं?"

"कोणत्या काचेवर?"

"बाबा म्हणत, तुमी कडेनं मेण लावलं होतं. साधं रक्त पाहाले मेण नाही लागत."

मी तुझा हात धरून होतो, वंदू. तुझ्या हातातली सुई मला दिसत होती. आणि मी म्हणालो, "खूप वर्षं झाली गं. आठवत नाही."

एवढ्यावर थांबलो नाही. परदेशातल्या नव्या उपचाराची बातमी सांगायला लागलो, कात्रीने रुग्ण कसे बरे होत आहेत ते. आपल्याला न परवडणाऱ्या त्या उपचाराबद्दल, शेवटचे श्वास मोजणाऱ्या माणसापुढे, मी बोलत राहिलो. तू सगळं ऐकून घेतलंस. "बरं," म्हणालीस. मास्क परत लावलास.

त्या 'बरं'ने मला रोज जाग येते.

आणि मला तुझाही राग आहे. तुला तीस वर्षांपासून, कॉलेजात ती तपासणी शिकलीस तेव्हापासून, माहीत होतं. शेवटच्या रांगेतून उठून तू मला जे विचारत होतीस ते गर्भाबद्दल नव्हतंच. मग माझी गचांडी का धरली नाहीस? घरी येऊन माझ्या बायकोसमोर, पोरांसमोर का ओरडली नाहीस? डॉक्टरांना सोडलं नाहीस, भावाला सोडलं नाहीस, प्राचार्यांना तर रडवलंस. मलाच का सवलत? आपोआप तोंड उघडायला किती वर्षं द्यायची असतात माणसाला? मी त्या गर्भावर कात्री चालवायला एवढा का उतावीळ होतो, हे तुला माझ्याआधी कळलं होतं. असं कुणी जन्मालाच आलं नसतं, तर मला विचारायलाही कुणी आलं नसतं.

लकडगंजच्या तमाशानंतर दुसऱ्या दिवशी केतकी माझ्याकडे आली. चप्पल काढायच्या आधीच बोलली.

"आजोबा, बाबा म्हणाले तुम्ही ऑफिसात लय भडकले."

"भडकलो."

"आत्यानं माझं रक्त बारावीतच तपासून घेतलं होतं. मी वाहक आहे. रोहितले सांगाचं आहे, पण त्याच्या घरी कसं बोलू समजत नाही. आत्या म्हणे, एकटी नको जाऊ, मामाले घेऊन जा. मी म्हटलं, आणि ते नाही बोलले तर?"

"मग?"

"म्हणे, बोलतील. यावेळी बोलतील."

मी चष्मा काढून पुसायला लागलो. पोरीला वाटलं मी विचार करतोय.

आम्ही रामटेकला गेलो. रोहितच्या आजोबांनी पाट-पाणी केलं, केतकीच्या तब्येतीची चौकशी केली आणि मी विषय काढताच हात हलवला. "मास्तर, हा आजार आपल्यात नसते गा. तो दुसऱ्यायचा."

मग मी त्यांना बस्त्याचा दिवस सांगितला. दुकान, दोन बोटं, मेण, नळाखाली धुतलेल्या काचा. तुझ्या आईला लागलेले बोल सांगितले. तुझं नाव घेऊन, पेपरात आलं ते खोटं आहे असं सांगितलं. रोहितची आई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली होती. म्हातारा एवढंच म्हणाला, "आता काहून सांगून राहिले? तवा नाही सांगतलं ते?"

"तेव्हा लाज वाटली," मी म्हणालो. या जन्मात पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो.

रोहित हसला. चांगला आहे मुलगा, तुला आवडला असता. "आबा, सुईले भेता का तुमी? मी टोचून घेतो ना. त्यात काय एवढं?"

दुसऱ्या दिवशी त्याने रक्त दिलं. रिपोर्ट अजून यायचा आहे. साक्षगंधाची तारीख थांबली आहे आणि शरद माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. त्या दोघांनी काय ठरवायचं ते दोघं ठरवतील. केतकी म्हणते, काहीही आलं तरी समोरासमोर बसून ठरवू. तुझ्या आईला आणि बाबांना मी ते बसणं मिळू दिलं नाही.

माझ्या व्याख्यानाचे कागद मी फाडलेले नाहीत. कात्रीवर माझा अजूनही विश्वास आहे, आणि गर्भावर ती चालवावी की नाही यावर तुझ्याशी भांडायला मला अजून वीस वर्षं हवी होती. ते भांडण तू हरली असतीस असं मी आजही म्हणेन. तू 'मग?' म्हणाली असतीस.

पण तू शेवटी विचारलंस ते वेगळं होतं, आणि त्याचं उत्तर मला येत होतं.

दोन काचा होत्या, वंदू. डावीकडची तुझ्या आईची. सुरुवातीला पेशी गोल होत्या, नाण्यासारख्या. मग कडेची एक लांबट झाली. तिच्या शेजारची वाकली. थोड्या वेळात धान कापायच्या विळ्याच्या पात्यांसारख्या त्या सगळीकडे पडलेल्या दिसल्या. मी काच काढली, तुझ्या बाबांची लावली आणि देवाचं नाव घेऊन डोळा टेकवला. तिच्यातही तेच होतं. मी पुन्हा पहिली बघितली, पुन्हा दुसरी. बाहेर व्हरांड्यात तुझे बाबा काहीतरी सांगत होते आणि तुझी आई हसत होती.

दिसलं होतं. दोन्ही काचांवर दिसलं होतं. मला आठवतं.

तुझा मामा